सव्वीस पाकिटं आणि चमकीची शाई

मंदाताई, तुमच्या ओट्यावरची सोनेरी चमकी अजून निघालेली नाही. परवा तुमच्या मुलाने, प्रकाशदादांनी, भांड्यांची पावडर टाकून ओटा घासला, मग लिंबू चोळलं, मग ओलं फडकं फिरवलं आणि शेवटी कमरेवर हात ठेवून मला म्हणाले, "दीदी, आईनं घरावर सोनं चढवून ठेवलं, जाएगा नहीं ये." मी तिथेच चहा घेत उभी होते. मला हसू आलं आणि त्यांनाही आलं. तुम्हाला जाऊन महिना होत आला आहे, पण तुमच्या घरात अजून माणसं हसतात. हे तुम्हाला आवडलं असतं.

पेपरात तुमचा फोटो आला होता. खाली रेल्वेच्या ड्रॉईंग ऑफिसातल्या सेवानिवृत्त कर्मचारी, मागे मुलगा, सून, नात असा परिवार, वगैरे. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण तुमच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायम शाई असायची, हे कुठेच नव्हतं. ते कुणीतरी लिहायला हवं म्हणून बसले आहे.

आपण भेटलो त्या दिवशी मी रायपुरात नवीन होते. सांगलीहून बदलून आले होते, नव्या रायपुरातल्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. रविवार होता आणि मी पुरानी बस्तीतल्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात टाकाच्या निबा मागत होते. दुकानदार म्हणत होता, "मैडम, निब-विब अब कौन लेता है? जेल पेन ले जाइए." माझ्या मागून आवाज आला, "काहून खोटं बोलून राहिले भैया? वरच्या फळीवर हिरवा डबा आहे, त्यात हायेत. मागच्या दिवाळीत मीच पाह्यला." वळून बघितलं तर पांढऱ्या सुती साडीतल्या तुम्ही, हातात भाजीची पिशवी. दुकानदाराने मुकाट शिडी लावली. डबा निघाला. निबा आपण तिथेच उभ्या राहून अर्ध्या अर्ध्या वाटून घेतल्या. मग तुम्ही विचारलंत, "तुले कशाले पायजे वो ह्या निबा?" इथे येऊन दोन महिन्यांनी पहिल्यांदाच मला कुणीतरी मराठीतून काही विचारलं होतं.

मी सांगितलं की माझ्या भावाने वाढदिवसाला चमकीच्या शाईची बाटली पाठवली आहे, समुद्री हिरवी, आत सोनेरी कण, आणि ती टाकाने लिहून बघायची आहे. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी शाईत मीठ घालते असं सांगितलं होतं. "शाईत चमकी? लग्नाची साडी हाय का ते?" आणि लगेच, "घेऊन ये. पाहू तरी."

पुढच्या रविवारी मी बाटली घेऊन आले. तुम्ही अडतीस वर्षं ट्रेसर होतात. पुलांचे, गोदामांचे, रुळांच्या फाट्यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईने गिरवायचे आणि रेघ केसभर जाड झाली तरी साहेब परत पाठवणार. ती सगळी वर्षं एकच शाई, काळी. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की या बाईने नवी निब सरळ तोंडात घातली.

"ताई, अहो!"

"तेल असते नव्या निबेले. गंजू नये म्हणून कारखान्यात लावतेत. थुंकीनं जाते. तुमच्या सांगलीत नाही शिकवत का?"

मग बाटली हलवलीत. तळाशी बसलेलं सोनं वर उठलं आणि हिरव्यात घुमायला लागलं. टाक बुडवून तुम्ही कागदाला टेकवलात तर भला मोठा थेंब पडला. माझ्या तोंडून अरेरे निघालं. तुम्ही म्हणालात, "पातळ हाय. ही पेनातली शाई हाय, टाकाले धरत नाही. थांब." स्वयंपाकघरात गेलात आणि एक बरणी घेऊन आलात. त्यात डिंक होता, लाडवांचा. तो गरम पाण्यात विरघळवून, फडक्यातून गाळून, वाटीत ओतलेल्या माझ्या महागड्या शाईत तुम्ही त्याचे चार थेंब टाकलेत. मी रसायनशास्त्राची पदवीधर, मी नुसती बघत राहिले. पुन्हा टाक बुडवलात आणि एक आडवी रेघ ओढलीत, वीतभर. ती तुम्ही खिडकीकडे धरून तिरपी केलीत. हिरव्या रेघेच्या काठाकाठाने सोनं उजळलं.

तुम्ही कागद पुन्हा पुन्हा तिरपा करून पाहिलात. मग म्हणालात, "अजून एक काढू दे."

त्या दिवशी तुम्ही चार कागद रेघांनीच भरलेत. एकही अक्षर लिहिलं नाहीत.

त्यानंतर पाच वर्षं आपले रविवार ठरून गेले. जांभळ्यात चंदेरी, तपकिरीत तांबं, निळ्यात गुलाबी. कुठल्या कागदावर चमक वर राहते आणि कुठला कागद सगळं पिऊन टाकतो, याची तुमची एक वही झाली. तुमची नात जुई तेव्हा कॉलेजात होती. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतच. ती जाता-येता म्हणायची, "दादी और मौसी का लैब चालू है." एकदा गच्चीवरून आलात त्या हातात फ्रिजवरचं लोहचुंबक आणि त्याला चिकटलेली काळी भुकटी घेऊन. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून वारा आला की गच्चीवर जी काळी धूळ बसते, ती तुम्ही चुंबकाने गोळा केली होती. "लोखंड हाय ना यात? मंग होईल शाई." धूळ व्हिनेगरमध्ये चार दिवस भिजली, दुसऱ्या पातेल्यात हर्रा, म्हणजे आपला हिरडा, उकळला, दोन्ही एकत्र केलं आणि खरोखर काळीभोर शाई झाली. प्रकाशदादा सिलतऱ्याच्याच एका कारखान्यात नोकरीला. त्यांना तुम्ही ती वाटी दाखवून म्हणालात, "तीस वर्षं तुह्या कपड्यातून ही धूळ झटकून राहिली मी. आता कुठं कामाले आली." त्या शाईत आपण चंदेरी कण मिसळले. त्या पातेल्यात मात्र पुन्हा कधी भाजी झाली नाही आणि त्याबद्दल सूनबाईंनी आपल्याला आठवडाभर चहा दिला नाही.

आपलं भांडणही सांगायला हवं. मी म्हणायचे, चमकीची शाई फाउंटन पेनातही चालते, फक्त रोज लिहायचं आणि पेन हलवून घ्यायचं. तुम्ही म्हणायचात, "चमकी टाकाची. पेनाचा गळा बसते तिच्यानं." तुमच्याकडे एक काळं एबोनाइटचं पेन होतं, ड्रॉपरने शाई भरायचं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसच्या लोकांनी दिलेलं. त्यात तुम्ही साधी निळी भरायचात. एका मे महिन्यात मी हट्टाने त्यात निळी-सोनेरी भरली आणि मी तीन आठवडे सांगलीला निघून गेले. जाताना रोज दोन ओळी लिहा असं सांगून गेले, पण तुम्हाला त्याच आठवड्यात ताप आला. तुम्ही बऱ्या होऊन पेन उघडलंत तेव्हा रायपूरच्या उन्हाने आतलं पाणी उडालं होतं आणि निबखालच्या जिभेत सोनं सिमेंटसारखं बसलं होतं. तुम्ही झटकून पाहिलंत, गरम पाण्यात ठेवून पाहिलंत. मी परत आले तेव्हा पेन तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलंत.

"घेऊन जाय. माह्या डोळ्यासमोर नको."

आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं. पुढचे दोन रविवार मी आले नाही, तुम्हीही फोन केला नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण तिसऱ्या आठवड्यात मी ते पेन प्रयोगशाळेत नेलं. काचेची भांडी कंपनांनी स्वच्छ करायचा आमच्याकडे एक टब आहे. जेवणाच्या सुट्टीत दार लावून मी तुमच्या पेनाचे सुटे भाग त्यात सोडले. पाच मिनिटांत त्यातून सोन्याचा धूर निघावा तसे कण निघाले. पेन जोडून, साधी निळी भरून, एक पान लिहून बघितलं आणि मग तुमच्या दारात आले. तुम्ही लिहून पाहिलंत, टोपण लावलंत आणि म्हणालात, "पोहे खाशीन?"

आपला वाद मी हरले असं मी मान्य केलं होतं. पुढच्या महिन्यात वाणसामानाची यादी करताना तुम्ही ते पेन उघडलंत आणि 'तूरडाळ' या शब्दावर चमक दिसली. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "पाहून राहिली होती, माह्या हातानं भरलं तर काय होते ते." तुम्ही रोज लिहायचात, म्हणून काही झालं नाही. म्हणजे बरोबर कोण होतं, ताई? हे आपण ठरवलंच नाही. मी आजही म्हणेन, मी.

मग तुमचा हात कापायला लागला.

आधी चहाच्या कपात दिसलं. मग रेघेत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी थोडं कमी झालं, गेलं नाही. तुम्ही त्याबद्दल बोलायचा नाहीत. वहीत फक्त रेघा आखूड होत गेल्या. वीतभर होती ती चार बोटांवर आली.

तेवढ्यात जुईचं लग्न ठरलं, धमतरीच्या मुलाशी. सगळे म्हणाले पत्रिका मोबाईलवर पाठवू, फार तर थोड्या छापू. तुम्ही म्हणालात, पत्रिका छापा, पण पाकिटांवरची नावं मी लिहीन, टाकानं, चमकीच्या शाईनं. दीडशे पाकिटं. प्रकाशदादांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी आहे ना सोबत." मला वाटलं, निम्मी माझ्याकडे येतील. एकही आलं नाही. "तू शाई हालव," तुम्ही म्हणालात, "तळाशी बसू देऊ नको." सतरा दिवस मी शेजारी बसून बाटली हलवत होते. तुम्ही डाव्या हाताने उजवं मनगट धरायचात, श्वास रोखायचात आणि एक एक नाव उतरवायचात. दुपारी तीननंतर हात जास्त कापायचा म्हणून सकाळीच काम. गर्द हिरवी शाई, सोनेरी कण. कधी दहा पाकिटं व्हायची, कधी तीन.

दीडशेच्या दीडशे तुम्ही लिहिलीत. मी ती गठ्ठ्याने घरी नेली, पत्रिका भरून चिकटवायला. आणि तिथे मी ते केलं जे तुम्हाला सांगायचं राहिलं.

त्यातली सव्वीस मला वाचता येत नव्हती. निदान मला तसं वाटलं. अक्षरं थरथरत एकमेकांवर चढली होती. एक पाकीट तर तुम्ही जुईसाठीच लिहिलं होतं, चि. जुईस. नवरीला कोण पत्रिका देतं, असं सगळे हसले होते आणि तुम्ही म्हणालात, "मी देते." ते त्या सव्वीसांतलं. मला वाटलं, लोक हसतील. धमतरीची माणसं म्हणतील, कुणाकडून लिहून घेतलं हे? तुम्हाला कुणी हसलेलं मला चाललं नसतं. मी सव्वीस कोरी पाकिटं घेतली आणि पाच वर्षं जवळून पाहिलेलं तुमचं अक्षर काढून नावं पुन्हा लिहिली. तुमचा तो लांब ओढलेला 'र', तुमची सरळ उभी वेलांटी. तुमची पाकिटं फाडवली नाहीत. कपाटात ठेवून दिली.

लग्नात नवऱ्या मुलाच्या काकांनी तुम्हाला हात जोडले आणि मग तळवा पुढे करून म्हणाले, "दाई, तुंहर चिट्ठी ह मोर हाथ ल सोन कर दिस!" त्यांच्या बोटाला पाकिटाची चमकी लागली होती, दोन दिवस गेली नव्हती म्हणे. सगळे हसले. तुम्हीही हसलात. मग हळूच मला म्हणालात, "माह्या शाईची चमकी सुटत नाही. डिंक बरोबर असते माहा." मी समोरच्या जिलबीकडे बघत राहिले. सव्वीस पाकिटांच्या शाईत मी डिंक कमी घातला होता. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं का, ताई? विचारायला पुढचे सात महिने होते. दर रविवारी मी तुमच्या समोर बसत होते. नाही विचारलं.

आणि मग एका दुपारी तुम्ही जेवून आडव्या झालात आणि चहाच्या वेळेला उठला नाहीत.

तेराव्याला जुई आली तेव्हा बरोबर एक फ्रेम घेऊन आली. काचेमागे पाकीट, चि. जुईस. तिने ते धमतरीच्या घरात पलंगासमोर लावलं होतं. मला म्हणाली, "देखो मौसी, आख़िर तक दादी का हाथ कितना सधा हुआ था." मी मान हलवली. ताई, तुमच्या नातीच्या घरात तुमची म्हणून माझी अक्षरं टांगलेली होती.

आठ दिवस मी स्वतःशी वाद घातला. सांगून कुणाचं भलं होणार? पोरीला त्या पाकिटाचा आधार आहे, तो काढून घ्यायचा? पण दर वेळी मला तुम्ही डावा हात उजव्या मनगटावर ठेवून बसलेल्या दिसायचात. ती मेहनत तुमची होती आणि ती माझ्या कपाटात बंद होती. जुई अजून माहेरीच होती. मी सव्वीस पाकिटं पिशवीत घातली आणि तुमच्या घरी जाऊन तिला सगळं सांगितलं.

तिने फ्रेम उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मतलब इतने दिन से मैं आपकी हैंडराइटिंग देख के रो रही थी?"

मी म्हटलं, "हो."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता राग आला. "क्यों किया मौसी? आपको किसने बोला था?" मी तिचं खरं पाकीट तिच्या हातात दिलं. ती ते घेऊन खिडकीशी गेली, तुम्ही जायचात तशी, आणि तिरपं केलं. मीही मागून बघत होते. प्रत्येक थरथरीपाशी निब क्षणभर थांबली होती आणि तिथे शाई जास्त उतरली होती. जिथे शाई जास्त, तिथे सोनं जास्त. माझ्या सरळ अक्षरांत चमक पातळ पसरली होती. तुमच्यात ती ठिकठिकाणी साचून राहिली होती. पाच वर्षं शाईचे प्रयोग केले आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती, कारण मी ती पाकिटं दिव्याखाली नीट धरलीच नव्हती. वाचता येत नाही एवढंच पाहून बाजूला ठेवली होती.

जुईने तिथेच फ्रेमचे खिळे काढले आणि पाकीट बदललं. माझं मला परत दिलं. मग उरलेली पंचवीस मोजून म्हणाली, "ये जिनकी हैं, उनको दे के आते हैं."

"आता? लग्न होऊन आठ महिने होत आले."

"तो क्या हुआ. दादी ने लिखी हैं न."

रविवारी आम्ही निघालो. पहिलं नाव गुढियारीतलं होतं, बिसाहूराम साहू. तुमच्या ऑफिसात नकाशांच्या छापील प्रती काढणारे. मला त्यांचं नाव तुमच्या पाकिटावर वाचता आलं नव्हतं, यादी बघून लिहिलं होतं. मालधक्क्याजवळच्या एका गल्लीत त्यांचं घर सापडलं. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, जाड भिंगांचा चष्मा, बाहेर खाटेवर बसून शेंगा सोलत होते. आम्ही कोण ते जुईने सांगितलं. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत होतं. त्यांनी हात पुसले, पाकीट घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं. मी म्हणणार होते की अक्षर जरा हललं आहे, तुमचं नाव आहे ते. तोंड उघडलंही होतं.

"बिसाहूराम साहू, सपरिवार," त्यांनी न अडखळता मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हव, मंदा दीदी के लिखे ए."

ताई, वाचता येत होतं हो. माझं चुकलं.